पर्वतावरील धाव आणि आपली शर्यत

शर्यत म्हटली की फक्कीने आखलेले मैदान, गुरुजींची शिट्टी, छातीने दोरा तोडणारा एक विद्यार्थी आणि भोवतालच्या टाळ्या असे चित्र आपल्या डोळ्यांसमोर उभे राहते. पहिल्या तिघांची नावे पुकारली जातात, त्यांना पेला किंवा प्रशस्तिपत्र मिळते, आणि उरलेले तीस-चाळीस जण अंगावरची धूळ झटकीत वर्गाकडे परततात. त्या उरलेल्यांनी काय मिळविले, हा प्रश्न सहसा कोणी विचारीत नाही. परीक्षेच्या निकालाच्या दिवशीही थोड्याफार फरकाने हेच घडते. युरोपातील आल्प्स पर्वतात गेली वीसहून अधिक वर्षे एक निराळ्या जातीची शर्यत भरत आहे. तिची हकीकत वाचीत गेलो तसतसे माझे मत बनत गेले की, शर्यत या शब्दाचा जो अर्थ आपण मुलांना शिकवितो तो फार तोकडा आहे. हे मत कारणांसह मांडावे, एवढाच या लेखाचा हेतू आहे.

प्रथम त्या शर्यतीचा परिचय करून देतो. मों ब्लां हे आल्प्समधील सर्वांत उंच शिखर. त्याची उंची सुमारे ४,८०० मीटर असून फ्रान्स, इटली व स्वित्झर्लंड ही तीन राष्ट्रे या पर्वतसमूहाला खेटून आहेत. फ्रान्समधील शामोनी या गावातून शुक्रवारी सायंकाळी सुमारे अडीच हजार स्त्रीपुरुष धावू लागतात आणि संपूर्ण पर्वतसमूहाला प्रदक्षिणा घालून पुन्हा शामोनीच्या चौकात येतात. अंतर सुमारे १७० किलोमीटर. वाटेतील सगळे चढ एकत्र मोजले तर ते सुमारे १०,००० मीटर भरतात. आपले कळसूबाईचे शिखर समुद्रसपाटीपासून १,६४६ मीटर उंच आहे. ते सागरकिनाऱ्यापासून सहा वेळा चढावे, सहा वेळा उतरावे, तेव्हा हा हिशेब पुरा होईल. याला मुदत साडेशेहेचाळीस तासांची. विजेते वीस तासांच्या आसपास पोहोचतात. बहुसंख्य धावपटूंना मात्र दोन रात्री डोंगरात काढाव्या लागतात, आणि शेवटचे लोक रविवारी दुपारी गावात शिरतात. निघालेल्यांपैकी साधारणतः तिघांत एक जण शेवटपर्यंत पोहोचत नाही.

ज्या वाटेवरून ही धाव होते ती वाट शर्यतीसाठी कोणी बांधलेली नाही. ती शतकानुशतके माणसांच्या व गुरांच्या पायांनी पडलेली आहे. ले कोंतामिन गावाच्या पुढे एका जुन्या देवळापासून जो फरसबंद चढ सुरू होतो तो रोमन काळातला मार्ग म्हणून ओळखला जातो. उन्हाळ्यात गुरे उंच कुरणांवर न्यावीत, तेथेच दूध काढून चीज करावे आणि बर्फ पडण्यापूर्वी खाली उतरावे, असा त्या खोऱ्यांतील गवळ्यांचा क्रम. खिंडीपलीकडच्या बाजाराला, सोयरिकीला आणि प्रसंगी चोरट्या व्यापारालाही याच वाटा उपयोगी पडल्या. कोल द ला सेन्य ही २,५१६ मीटर उंचीची खिंड आज फ्रान्स आणि इटली यांची सीमा आहे. परंतु १८६० साली साव्हॉय प्रांत फ्रान्सकडे गेला त्यापूर्वी खिंडीच्या दोन्ही अंगांना एकच राज्य होते. म्हणजे वाट जुनी आणि सीमा नवी. आम्हा गोमंतकीयांना हे सहज उमजावे. आपल्या घाटवाटांवरही १९६१ च्या डिसेंबरपर्यंत परकी सत्तेची नाकी होती. आज नाकी गेली आहेत आणि वाटा राहिल्या आहेत.

या पर्वताभोवतीच्या भ्रमणाला विद्येचा स्पर्श झाला तो जिनिव्हाच्या ओरास बेनेदिक्त द सोस्यूर या निसर्गशास्त्रज्ञामुळे. १७६० साली तो प्रथम शामोनीस आला आणि मों ब्लांवर जाण्याचा मार्ग शोधून काढणाऱ्यास त्याने बक्षीस जाहीर केले. १७६७ साली त्याने पर्वताभोवती प्रदक्षिणा केली. खडक तपासावेत, हवेचा दाब मोजावा, हिमनद्यांचे निरीक्षण करावे, हा त्याचा उद्योग. बक्षीस जाहीर झाल्यानंतर सव्वीस वर्षांनी, ८ ऑगस्ट १७८६ रोजी, मिशेल पाकार नावाचा गावचा डॉक्टर आणि जाक बाल्मा नावाचा स्फटिक शोधणारा गडी हे दोघे शिखरावर पोहोचले. दुसऱ्या वर्षी सोस्यूर स्वतः उपकरणे घेऊन वर गेला. १८२० साली एका हिमप्रपातात तीन वाटाडे मृत्यू पावले, आणि त्या दुर्घटनेनंतर १८२१ साली शामोनीच्या वाटाड्यांनी आपली संस्था स्थापन केली. धाडसामागून शिस्त यावी लागते आणि ती बहुधा किंमत मोजल्यावर येते, हे या पर्वताच्या इतिहासात पहिल्यापासून दिसते. त्याकडे मी पुन्हा वळणार आहे.

धावण्याची शर्यत २००३ साली सुरू झाली. पहिल्या वर्षी सातशेहून अधिक लोक निघाले. हवा बिघडली, पाऊस आणि थंडी यांनी वाट अडविली, आणि पूर्ण प्रदक्षिणा करून परत आले ते अवघे ६७. त्यांत पहिला आला तो नेपाळचा दावा दाचिरी शेर्पा. त्याला वीस तासांहून काही मिनिटेच अधिक लागली. २००६ आणि २००७ अशी लागोपाठ दोन वर्षे मार्को ओल्मो हा इटालियन जिंकला. पहिल्या विजयाच्या वेळी त्याचे वय ५७ होते व दुसऱ्या वेळी ५८. पुढच्याच वर्षी, २००८ साली, किलियन जोर्ने हा वीस वर्षांचा स्पॅनिश तरुण पहिला आला. ब्रिटनच्या एलिझाबेथ हॉकर या समुद्रविज्ञानाच्या अभ्यासक बाईंनी २००५ ते २०१२ या काळात स्त्रियांची शर्यत पाच वेळा जिंकली. ज्या खेळात अठ्ठावन्न वर्षांचा मनुष्य आणि वीस वर्षांचा युवक एकापाठोपाठ एक विजयी होऊ शकतात, त्या खेळात केवळ स्नायूंच्या जोरावर भागत नसले पाहिजे, असा तर्क कोणीही करील.

आणि तो तर्क बरोबरच आहे. वेगाने धावताना शरीर प्रामुख्याने स्नायूंत व यकृतात साठविलेली साखर जाळते. हा साठा काही तासांतच संपतो. मेदाचा साठा मोठा असतो, पण त्यातून शक्ती सावकाश मिळते. म्हणून जो पहिल्या रात्रीच उत्साहाने उधळला तो दुसऱ्या दिवशी रस्त्याच्या कडेला बसतो. उभ्या चढावर अव्वल दर्जाचे धावपटूही धावत नाहीत. हातांतील काठ्या टेकीत चालतात. उतार सोपा वाटतो, परंतु उतरताना मांड्यांचे स्नायू ताणलेल्या स्थितीत भार पेलतात आणि चढापेक्षा अधिक दुखावतात. पाणी कमी पडले तर धोका, आणि क्षाराशिवाय नुसते पाणी भरमसाट प्याले तरी रक्तातील क्षार उतरून धोका. दुसऱ्या रात्री झोपेवाचून डोळ्यांना भास होऊ लागतात. झाडाच्या जागी मनुष्य आणि दगडाच्या जागी जनावर दिसल्याचे पुष्कळांनी सांगितले आहे. अशा अवस्थेत खावे केव्हा, थांबावे कोठे, आणि पुढे जावे की न जावे हे ठरवावयाचे असते. ही परीक्षा पायांइतकीच विवेकाचीही आहे.

येथे एक सरळ आक्षेप येतो, आणि तो विचारी माणसांकडूनच येतो. ते म्हणतात, हा शहाणपणाचा खेळ नव्हे. कामाधंद्यासाठी डोंगर चढणाऱ्याचे कष्ट आपण समजू शकतो. परंतु धडधाकट माणसाने पैसे भरून, झोप मोडून, पाय सोलून घेण्यासाठी डोंगरात जावे यात पुरुषार्थ कसला? या आक्षेपाला मी हसण्यावारी नेणार नाही. त्यात दोन गोष्टी खऱ्या आहेत. पहिली ही की, हा खेळ आज स्वस्त राहिलेला नाही. प्रवेशशुल्क, पादत्राणे, प्रवास आणि मोठमोठ्या कंपन्यांची जाहिरातबाजी यांनी त्याला वेढले आहे. गवळ्यांची वाट बाजाराची वाट होऊ पाहत आहे. दुसरी गोष्ट ही की, धाडसाला विवेकाची जोड नसेल तर त्याचा अंत भयंकर होतो.

याचे दारुण उदाहरण आल्प्समध्ये नव्हे, चीनमध्ये घडले. २२ मे २०२१ रोजी गान्सू प्रांतात डोंगरातून जाणारी १०० किलोमीटरची शर्यत भरली होती. १७२ स्पर्धक होते. दुपारच्या सुमारास उंच भागात एकाएकी वादळी वारा, गारा आणि गोठविणारा पाऊस आला. पुष्कळांच्या अंगावर आखूड चड्डी आणि पातळ सदरा एवढेच होते. वारा अडविणारे जाकीट जवळ बाळगणे त्या शर्यतीत सक्तीचे नव्हते. एकवीस जण थंडीने गारठून मेले. मेलेल्यांत नवखे होते तसे त्या देशातील नामांकित धावपटूही होते. त्या दिवशी त्याच डोंगरात मेंढ्या राखणारा झू केमिंग नावाचा एक मेंढपाळ होता. त्याने सहा जणांना आपल्या गुहेसारख्या निवाऱ्यात आणले, शेकोटी पेटविली, त्यांच्या अंगावर गोधड्या घातल्या आणि त्यांचे प्राण वाचविले. त्या मेंढपाळाला शर्यतीत धावावयाचे नव्हते. त्याला डोंगर ठाऊक होता, आणि पडलेल्या माणसाजवळ थांबणे ठाऊक होते.

मला मों ब्लांच्या शर्यतीतील सर्वांत मोलाची गोष्ट वाटते ती तिचे नियम, कारण मेंढपाळाला जे उपजत ठाऊक होते तेच त्या नियमांनी शहरातील माणसाला शिकविले आहे. प्रत्येक धावपटूने पाणी, खाणे, पावसाचे जाकीट, अंग झाकण्याचे पातळ धातूचे पांघरूण, शिट्टी, विजेरी, राखीव प्रकाशाची सोय आणि मोबाइल फोन एवढे सामान आपल्या पाठीवर वाहिलेच पाहिजे. ते तपासले जाते, आणि त्यात उणे आढळल्यास शिक्षा होते. बाहेरची मदत केवळ नेमलेल्या ठिकाणीच घेता येते. वाटेत कचरा टाकता येत नाही. संकटात सापडलेल्या सहधावकाला साहाय्य करणे हे कर्तव्य मानले आहे. आपण मुलांना धावताना मागे वळून पाहू नकोस असे सांगतो. तेथे मागचा पडला तर त्याच्यापाशी थांबलेच पाहिजे. एवढे करूनही डोंगर डोंगरच राहतो. २०२१ साली त्याच सप्ताहात भरणाऱ्या एका सहशर्यतीत एक धावपटू पडून मृत्यू पावला. म्हणून मी हा खेळ निर्धोक आहे असे म्हणत नाही. धोका कबूल करून त्याची तयारी करणे आणि धोका विसरून छाती पुढे काढणे यांत जमीन-अस्मानाचे अंतर आहे, एवढेच माझे म्हणणे आहे.

याच नियमांचा दुसरा भाग म्हणजे वेळेची दारे. वाटेतील ठरावीक ठाण्यांवर ठरावीक वेळेच्या आत पोहोचले नाही तर धावपटूला थांबविले जाते. त्याने कितीही विनवण्या केल्या तरी त्याला पुढे सोडत नाहीत, कारण पुढची खिंड रात्री थकलेल्या माणसाला क्षमा करीत नाही. खुद्द शर्यत भरविणारेही हा नियम स्वतःला लावतात. २०१० साली वादळामुळे शर्यत सुरू झाल्यावर काही तासांतच थांबविली गेली. २०१२ साली उंच भागातील बर्फामुळे ती सुमारे १०० किलोमीटरवर आणली गेली. वर्षभर कष्ट करून आलेल्या अडीच हजारांची निराशा त्यांनी पत्करली, पण हट्ट पत्करला नाही.

आणि परतणाऱ्याचे काय होते? अमेरिकेचा जिम वॉम्स्ली हा धावपटू २०१७ साली येथे पाचवा आला. २०१८ साली त्याने शर्यत अर्ध्यावर सोडली. २०२१ साली पुन्हा सोडली. मग तो या पर्वतांची सवय व्हावी म्हणून फ्रान्समध्येच येऊन राहिला. २०२२ साली तो चौथा आला, आणि २०२३ साली १९ तास ३७ मिनिटांत पहिला. दोनदा मागे फिरलेल्या या मनुष्याला कोणी नापास म्हणून कायमचे बाजूला काढले असते, तर पुढचा विजय घडलाच नसता. अर्थात प्रत्येक परतणारा पुढे पहिला येतो असे नाही. बहुतेक कधीच येत नाहीत. परंतु परत फिरण्यात नामुष्की नाही असे जेथे मानले जाते, तेथेच मनुष्य पुन्हा यावयास धजतो.

विद्यार्थिमित्रहो, आणि विशेषतः त्यांचे पालकहो, माझा मुद्दा आता स्पष्ट झाला असेल. आपल्या गावांत दहावीच्या निकालानंतर एखादा मुलगा घरातून बाहेर पडावयाचे टाळतो, एखाद्या मुलीची शाळा कायमची सुटते. एका दारापाशी वेळ चुकली एवढाच त्यांचा अपराध. आपण मात्र त्यांना असे वागवितो की जणू सगळा डोंगरच त्यांच्यासाठी बंद झाला. याच्या उलट, जो पहिला आला त्याला आपण असे डोक्यावर घेतो की वाटेत कोण पडले आणि तो कोणासाठी थांबला, हे विचारण्याची आपल्याला आठवण राहत नाही. दोन्ही मुलांचे आपण नुकसान करतो. पहिला येण्याची ईर्षा वाईट आहे असे मी मानीत नाही. ती नसती तर दावा शेर्पा वीस तासांत परतला नसता. पण शामोनीच्या चौकात रविवारी दुपारी शेवटच्या धावपटूंसाठीही लोक टाळ्या वाजवीत उभे असतात. पहिल्याचा मान त्यामुळे तसूभरही कमी होत नाही.

हा विचार आपल्याला परका आहे असे कोणी समजू नये. पंढरीच्या वारीत लाखो माणसे आळंदीहून आणि देहूहून दोन-अडीचशे किलोमीटर चालतात, आणि पहिला कोण पोहोचला हे कोणी मोजीत नाही. दमलेल्याची पिशवी शेजारचा उचलतो. आमच्या घरी कोंकणी बोलतात आणि शाळेत मी मराठी शिकवितो. दोन्ही भाषांत वाटेवरच्या सोबतीला मोठा मान आहे. आल्प्समधील शर्यतीने हीच सोबत घड्याळाच्या आणि नियमांच्या चौकटीत बसविली, हे तिचे वैशिष्ट्य होय.

म्हणून एक सूचना करतो. आपल्या शाळेच्या वार्षिक क्रीडामहोत्सवात मैदानी शर्यती खुशाल असू द्याव्यात. त्यांच्या जोडीला हिवाळ्यात एक दिवस वरच्या वर्गांच्या मुलामुलींची घाटातील जुन्या वाटेने पदयात्रा काढावी. अंतर पंधरा-वीस किलोमीटरहून अधिक नको. आपल्याला कोणाचा विक्रम मोडावयाचा नाही. वाट आधी शिक्षकांनी चालून पाहिलेली असावी आणि गावातील एखादा जाणता गुराखी किंवा शेतकरी वाटाड्या म्हणून सोबत घ्यावा. प्रत्येकाने आपले पाणी, आपली भाकरी, शिट्टी व एक जादा कपडा स्वतः वाहावा. निघण्यापूर्वी पिशव्या तपासाव्यात. तुकडीतील एक जण थांबला तर सारी तुकडी थांबेल, आणि कोणाला मागे टाकून पुढे गेलेली तुकडी बाद होईल, हा नियम लेखी असावा. दुपारी ठरलेल्या वेळेस अर्ध्या वाटेवर न पोहोचलेल्यांनी शिक्षकांसह परत फिरावे. आणि या अंकात जेव्हा त्या पदयात्रेचा वृत्तान्त छापला जाईल, तेव्हा पोहोचलेल्यांची आणि परतलेल्यांची अशी दोन्ही यादीतील नावे छापावीत.

खर्च म्हणाल तर तो जवळजवळ नाहीच. जाहिरातीच्या फलकांची गरज नाही, महागड्या पादत्राणांचीही नाही. गरज आहे ती एका गोष्टीवर आपले एकमत होण्याची. मुलाने किती जणांना मागे टाकले याबरोबरच, त्याने कोणती तयारी केली, कोणासाठी तो थांबला आणि योग्य वेळी मागे वळण्याइतके भान त्याला होते की नाही, हेही आपण त्याच्या गुणांत धरणार आहोत काय? मुख्याध्यापक आणि पालकसभा यांनी येत्या वर्षी याचा निर्णय करावा, अशी माझी विनंती आहे. दिवाळीच्या सुटीत वाट पाहून येण्याचे काम मी आणि माझे दोन सहकारी आनंदाने पत्करू.